ठमाबाईच्या डबीतला दात

मी एक जुनी पितळी डबी आहे, मित्रांनो, आणि जन्माची भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे तुम्ही मला विचाराल, की बाई, तू सगळं डोळ्यांनी पाहत होतीस, मग गप्प का बसलीस? पितळेला पडण्याझडण्याचं भय नसतं. पडलं तर पोचा येतो, एवढंच. मला भय वाटतं ते मोडीत जाण्याचं. पितळेची वस्तू घराला नकोशी झाली की तिला मोडीत घालतात. भट्टीत वितळून तिची कुणाच्या तरी नळाची तोटी होते, नाहीतर दाराची कडी. या एका धास्तीपायी मी जन्मभर गप्प राहिले.

मला जुन्नरच्या एका तांबटाने घडवलं. आकार म्हणाल तर मुठीत मावेन एवढा. झाकणावर त्याने बारीक हातोडीने आठ पाकळ्या ठोकल्या होत्या. एकाहत्तर साली मढ गावचा एक शेतकरी लेकीच्या लग्नाची खरेदी करायला आला आणि त्याने मला उचललं. त्याच्या लेकीचं नाव ठमा. पंधरा वर्षांची होती. तिच्याबरोबर मी डिंभ्याला आले, तिच्या नवऱ्याच्या, सावळारामच्या घरी. तेव्हा मी कुंकवाचा करंडा होते. रोज सकाळी अंघोळ झाली की ठमाचं बोट माझ्यात यायचं आणि कपाळावर जायचं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणायच्या, "ठमे, करंडा लई झ्याक हाय गं तुजा." मी अशी फुगायचे, काय सांगू!

अठरा वर्षं असं चाललं. मग सावळाराम तापाने आजारी पडला आणि पाच दिवसांत गेला. दहाव्याच्या आधीच कुणीतरी बाईने मला उपडं करून रिकामं केलं, आतून फडक्याने पुसलं आणि कोनाड्यात ठेवून दिलं. कुंकू लावायचंच नाही म्हटल्यावर करंड्याचं काय काम? दीड वर्षं मी तिथे पडून होते. मोडवाला गावात आला आणि त्याची आरोळी कानावर पडली की माझा जीव खालीवर व्हायचा. आज मला काढतील, उद्या काढतील, असं वाटायचं.

एक दिवस ठमाबाईने मला खाली काढलं. चुलीवर तवा तापलेला होता आणि तव्यावर तंबाखूची पानं काळी पडेपर्यंत भाजली जात होती. घरभर असा ठसका उठला होता की तिची लेक अंजना डोळे चोळत अंगणात पळाली. भाजलेली तंबाखू ठमाबाईने तळव्यावर चुरगाळली, तिची भुकटी केली आणि ती माझ्यात भरली. त्या भुकटीला मशेरी म्हणतात. दात घासायला बायका ती बोटाने लावतात. मित्रांनो, खरं सांगते, त्या दिवशी मला फार आनंद झाला. पोटात काय भरलंय हे मी पाहिलंसुद्धा नाही. आपण मोडीत जाणार नाही, एवढंच मला कळलं.

तेव्हापासून मी ठमाबाईच्या कमरेच्या पिशवीत राहू लागले. गावाशेजारी धरण झालं होतं, त्याच्या पाण्यात तिची भातखाचरं गेली होती. गावातले लोक त्या पाण्यात मासेमारी करायचे आणि ठमाबाई त्यांची फाटकी जाळी सांधून द्यायची. त्या कामावर तिने अंजनाला वाढवलं, शिकवलं, मंचरजवळ अवसरी बुद्रुकला लग्न करून दिलं. जाळं सांधताना दर गाठीला नायलॉनचा दोरा तोडावा लागतो. कात्री होती घरात, नव्हती असं नाही. पण कात्री शोधण्यात वेळ जातो आणि दात कधी शोधावे लागत नाहीत. ठमाबाई दोरा सुळ्यामागच्या दाढेत धरायची आणि कडकन तोडायची. दिवसातून शंभर वेळा तरी.

आणि दिवसातून चार वेळा मी उघडायचे. करपलेलं पातेलं घासावं तशी ती मशेरी घासायची. बोट दाबून धरायचं आणि या गालापासून त्या गालापर्यंत खसाखसा ओढायचं. दात काळे पडू लागले तेव्हा तिने माझ्यात भाजलेल्या विटेची भुकटी मिसळली. म्हणजे काळेपणा जाईल, असं तिला वाटलं. उन्हाळ्यात ती मिठाला लावून कच्ची चिंच खायची. तोंड आंबलं म्हणून लगेच पुन्हा माझं झाकण उघडायची.

शहाण्णव सालच्या थंडीत एका सकाळी तिने हंड्यातलं पाणी तोंडाला लावलं आणि तांब्या हातातून सुटला. "आई गं!" म्हणून ती गालाला हात लावून खाली बसली. दातातून निघालेली सणक थेट कानशिलात गेली होती. मी घाबरले. झालं काय हिला? थोड्या वेळाने तिने मशेरी लावली आणि तिला बरं वाटलं. तंबाखूने हिरडी बधिर होते, म्हणून बरं वाटतं. पण ते आम्हाला दोघींना कुठे ठाऊक? तिला वाटलं, औषध सापडलं. मलाही वाटलं, मी औषधाची डबी झाले.

मग काय, जितकी सणक जास्त, तितकी मशेरी जास्त. आणि जितकी मशेरी जास्त, तितकी सणक जास्त. चारचे सहा वेळा झाले, सहाचे आठ. ठमाबाई पाणी कोमट करून प्यायला लागली. चहा निवून त्यावर साय आली की मग घ्यायची. भाकरी आमटीत बुडवून तिचा लगदा करायची. धरणावरचा वारा सुटला की पदर तोंडावर ओढून घ्यायची, कारण नुसता वारा लागला तरी दात शिवशिवायचे. हसायची बंद झाली. बायका आपसात म्हणायच्या, "ठमीला आताशी लई शिष्टपणा आलाय, तोंड उगडून बोलत बी न्हाई." ती कुणाला काही सांगायची नाही. दवाखान्यात गेलं तर दात उपटतील, अशी तिला धास्ती. आणि वरचा दात उपटला की डोळा जातो, हे तिने लहानपणी मढला ऐकलेलं होतं. डोळे गेले तर जाळी कोण सांधणार? जाळी नाही तर खायचं काय? म्हणून ती गप्प. आणि मी तर काय, गप्पच.

अशी पाच वर्षं गेली, मित्रांनो. पाच वर्षं माणूस गार पाण्याला भिऊन राहिलं.

दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट झाली. ठमाबाईला जाळ्याची गाठ दिसेना. दोरा सुईत जाईना. जाळं हात लांब करून धरलं तर जरा दिसायचं, जवळ घेतलं की सगळं पुसट व्हायचं. ती पंचेचाळीस वर्षांची झाली होती. त्या वयात जवळचं दिसणं कमी होतंच. पण तिला ते कोण सांगणार? तिने दोन्ही दुखणी एकाला एक जोडली. दात दुखतायत वरचे, आणि डोळे चाललेत. म्हणजे दातांचं दुखणं डोळ्यांत चढलं!

त्या दिवशी ती अशी थरथरत होती की तिच्या कमरेच्या पिशवीत मी किणकिण वाजत होते. शेजारची झुंबरबाई तिच्याबरोबर जाळी सांधायला बसायची. तिला ठमाबाईने पहिल्यांदा सगळं सांगितलं.

"आगं मग तू इतकी वर्सं गप का बसली?" झुंबरबाई म्हणाली. "वरच्या दाताची शीर डोळ्यालाच असतीया. त्या दातात किडा झालाय. त्योच वर चढतोय."

"दात काडला तर डोळा जातो म्हणत्यात ना गं?"

"दवाखान्यात काडला तर जातो. बाजारात दातवाला बसतोय ना, त्यो किडा भाईर काडतो आदी, आन मंग दात. माज्या चुलत सासूचा तसाच काडला. डोळा शाबूत ऱ्हायला बग."

ठमाबाईने लगेच ठरवलं. वरचे दुखरे सहा दात काढून टाकायचे आणि डोळे वाचवायचे. दात गेले तर भाकरी कुस्करून खाता येते, पण डोळे गेले तर संपलं. तुम्ही तिला हसू नका. तिच्या जागी भ्यालेलं कुणीही असंच करतं.

पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही गेलो. दातवाल्याने मिरच्यांच्या ढिगाच्या पलीकडे एक मेणकापड अंथरलं होतं. त्यावर रंगीत पाण्याच्या बाटल्या, एक पकड, कापसाचा बोळा, आणि मधोमध माणसांच्या दातांचा ढीग. देवा! तो ढीग पाहून मी झाकण घट्ट मिटून घेतलं.

"बसा मावशी, आ करा," तो म्हणाला. त्याने एका दाताच्या मुळाशी नख टेकवलं मात्र, ठमाबाई जागच्या जागी उडाली.

"बगितलं? किडा जागा हाय. आज ह्यो काडू. बाकीचे पाच पुढच्या बाजाराला. एका दमात काडले तर रगत थांबायचं न्हाई."

"माज्या डोळ्याला काय व्हनार न्हाई ना, भाऊ?"

"डोळ्यासाटीच तर काडतोय!"

त्याने कापसाचा बोळा दातावर दाबला, काहीतरी पुटपुटला आणि बोळा उलटा करून दाखवला. त्यावर खरोखरच एक बारीकसा पांढरा किडा वळवळत होता. बघ्यांतून 'बाबौ!' असा आवाज उठला. मग त्याने पकड आत घातली. त्यापुढचं मी सांगणार नाही. ठमाबाईने एका हाताने मला पिशवीवरून इतकं आवळून धरलं होतं की माझ्या कडेला तेव्हा आलेला पोचा अजून आहे.

दात निघाला. सुळ्यामागची लहान दाढ ती. दातवाला ती ढिगावर टाकणार, तेवढ्यात ठमाबाईने हात पुढे केला. तोंडात कापूस होता, बोलता येत नव्हतं, पण ती हात मागे घेईना. आपल्या अंगाचं हाड परक्याच्या ढिगात ठेवायचं नाही, कुणी त्यावर करणी करेल, हे तिच्या मनात पक्कं होतं. घरी गेल्यावर दात नदीत सोडायचा होता. तिने तो चिंधीत गुंडाळला आणि माझ्यात, मशेरीवर ठेवला.

मित्रांनो, त्या दाताबरोबर मी पाच दिवस राहिले. चिंधी सैल झाली आणि तो माझ्या तळाशी टेकला. मी त्याला सगळीकडून पाहिलं. दोन मुळं धडधाकट होती. कुठे भोक नव्हतं, कुठे सडलेलं नव्हतं. फक्त मुळाच्या वर, मानेजवळ, करवतीने घासावी तशी एक आडवी खाच होती. ती खाच मी लगेच ओळखली. कारण रोज आठ वेळा ठमाबाईचं बोट ज्या वाटेने फिरायचं, ती वाट मला पाठ होती. खाच नेमकी त्याच वाटेवर होती.

घरी ठमाबाईची वाईट दशा झाली. गाल असा सुजला की दात नदीत सोडायला जाणंही राहून गेलं. बाकीचे दात तर आणखीच शिवशिवत होते, आणि डोळ्यांना काडीचाही फरक पडला नव्हता. तरी ती दिवस मोजत होती. पुढचा बाजार आला की बाकीचे पाच काढायचे. बाजाराला दोन दिवस उरले असताना अंजना माहेरी आली. आईचा गाल पाहून तिने हातातली पिशवी खाली टाकली.

"आये, काय करून घेतलंस हे?"

ठमाबाईने सांगितलं. अंजनाने कपाळाला हात लावला.

"मंचरला माज्या ओळकीच्या दाताच्या डॉक्टरीणबाई हायेत. आत्ताच्या यष्टीनं चल."

"मी न्हाई यायची. दवाखान्यात काडला की डोळा जातो."

"बरं, काडायचा न्हाई. नुसतं दाकवायचं. काडते म्हनल्या तर मी तुला हाताला धरून भाईर आनते. मंग तर झालं?"

यष्टी दोन तास आलीच नाही. ठमाबाई तीनदा उठून घरी निघाली आणि अंजनाने तिला तीनदा बसवलं.

डॉक्टर वैजयंतीबाई तरुण होत्या, आवाज मऊ. त्यांची खुर्ची पाहून ठमाबाई दारातच थबकली. बाईंनी तिला खुर्चीवर बसवलंच नाही, साध्या बाकावर बसवलं, शेजारी बसून छोट्या आरशाने तोंड पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मावशी, दात काढायला कुणी सांगितलं?"

"किडा व्हता ना त्याच्यात. म्या सोता बगितला. डोळ्यात चढत व्हता."

"तो दात आहे का तुमच्याकडे?"

ठमाबाईने मला बाहेर काढलं. बाईंनी झाकण उघडलं, आणि त्या एकदम मागे सरल्या. मशेरीचा वास त्यांच्या नाकात गेला होता. त्यांनी चिमट्याने दात उचलला, नळाखाली धुतला, भिंगातून पाहिला. मग म्हणाल्या, "मावशी, तुमच्यासमोर हा मधोमध चिरते. आत किडा निघाला, किड्याचं बीळ निघालं, तर बाकीचे पाच मी स्वतः काढून देते. चालेल?"

यंत्र गुंईं करू लागलं. ठमाबाईने डोळे मिटले, अंजनाने तिचा खांदा धरला. मी झाकण उघडं टाकून पाहत होते, कारण ते मिटायला कुणाला सुचलं नाही. दाताची दोन शकलं झाली. बाईंनी ती कापसावर ठेवून ठमाबाईच्या पुढे धरली, जरा लांब, तिला दिसेल अशी.

"बघा. हे बाहेरचं टणक कवच. हा आतला भाग. आणि ही मधली बारीक पोकळी, इथे नस असते. कुठे कीड दिसते?"

ठमाबाईने पाहिलं. परत पाहिलं. आत सगळं हस्तिदंतासारखं स्वच्छ होतं.

"मंग त्यो किडा?"

"त्याच्या कापसात होता, मावशी. तुमच्या दातात नव्हता. हा दात चांगला जिवंत होता."

ठमाबाईने ती शकलं एकदा बोटाने चाचपली. मग ती रडायला लागली. पाच वर्षांत तोंड उघडून रडलीसुद्धा नव्हती ती. ते ऐकून बाहेर बाकावर बसलेले पेशंट उठून दारात आले.

ती शांत झाल्यावर बाईंनी तिला समजावलं. दातावरचं कवच झिजलं आणि हिरडी मागे सरकली की आतला मऊ भाग उघडा पडतो. त्या भागाला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यातून गार, गरम, आंबट सगळं थेट नसेपर्यंत पोचतं. म्हणून सणक येते. तो दात किडलेला असतोच असं नाही. कवच झिजतं ते खसाखसा घासण्याने, विटेच्या भुकटीने, दाताने दोरा तोडण्याने. आंबट खाल्ल्यावर कवच घटकाभर मऊ पडतं, आणि नेमकं तेव्हाच घासलं तर आणखी झिजतं. तंबाखूने हिरडी खराब होऊन मागे सरकते. आणि ती घटकाभर बधिर होते म्हणून माणसाला वाटतं, हेच औषध.

"हे सगळं ह्या डबीने केलं, मावशी," असं म्हणून त्यांनी बोट केलं ते माझ्याकडे.

मेले, मित्रांनो, तिथल्या तिथे मेले. मला वाटलं, आता मला कचऱ्याच्या डब्यात टाकतील आणि तिथून मोडीत. आणि खरं सांगू? त्या क्षणी पहिल्यांदाच मला वाटलं, टाकलं तरी चालेल. पाच वर्षं ती कळ सोसत होती, आणि मी मात्र मला रोज उघडतात म्हणून खूश होते. मला माझी लाज वाटली.

"आन माजे डोळे?" ठमाबाईने भीत भीत विचारलं.

बाईंनी दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या पेशंटकडे पाहिलं. गेणभाऊ त्यांचं नाव. "गेणभाऊ, जरा तुमची चाळिशी द्या बरं."

"घ्या की बाई. पन परत द्या, न्हाईतर मला घर सापडायचं न्हाई."

चाळिशी ठमाबाईच्या नाकावर चढवली आणि पुढे तिच्याच लुगड्याचा काठ धरला. ती काठाचा एकेक धागा बघत राहिली. मग काठ सोडला आणि हाताच्या रेषा बघितल्या. "आगं अंजे, दिसतंय की," ती म्हणाली. "समदं दिसतंय." डोळ्यांचा आणि दातांचा काही संबंध नव्हता. तिला फक्त चष्मा हवा होता.

त्या दिवशी बाईंनी तिच्या दातांच्या खाचा दाताच्याच रंगाच्या सिमेंटने बुजवल्या, बाकीच्या दातांवर एक लेप लावला. मऊ ब्रश दिला आणि दात शिवशिवण्यावरची पेस्ट दिली. सकाळ-संध्याकाळ हलक्या हाताने घासायचं, पेस्ट दुखऱ्या जागी बोटाने लावून थोडा वेळ तशीच ठेवायची. आंबट खाल्लं तर नुसती चूळ भरायची, अर्धा तास ब्रश लावायचा नाही. दोरा कात्रीने तोडायचा. मशेरी बंद, अगदी बंद. "पण एका दिवसात गुण येणार नाही," बाई म्हणाल्या. "महिना लागेल. धीर सोडू नका, आणि त्या दातवाल्याकडे जाऊ नका."

यष्टीस्टँडमागच्या उकिरड्यावर ठमाबाईने मला उपडं केलं. सगळी मशेरी सांडली. आता मलाही फेकणार म्हणून मी वाट पाहत राहिले. तिने मला पदराने आतून पुसलं आणि दाताची ती दोन शकलं माझ्यात ठेवली. दात आता नदीत सोडायचा नव्हता. का, ते तिलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

तो महिना मी विसरणार नाही. मशेरी सुटल्यावर तिचे हात कापायचे, डोकं भणभणायचं, झुंबरबाईवर ती उगाच खेकसायची. कमरेकडे हात गेला की मला उघडायची, आत दात बघायची आणि परत मिटायची. अकराव्या दिवशी मात्र तिचा धीर सुटला. झुंबरबाईकडून चिमूटभर मशेरी मागून आणली आणि लावली. अशी भ्याले मी! आता परत सगळं सुरू, असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी हिरडी अशी चुरचुरली की तिने स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली आणि पुन्हा मागायला गेली नाही. दात अजून शिवशिवत होतेच. बाजाराचा दिवस आला की ती अंगणात येरझाऱ्या घालायची. जावं का? बाई खोटं तर बोलल्या नसतील? पण गेली नाही. दुसरा बाजार गेला, तिसरा गेला.

पाचव्या आठवड्यात ती तहानलेली घरी आली आणि सवयीने चुलीकडे वळली, पाणी कोमट करायला. चूल विझलेली होती. तिने हंड्यातला तांब्या भरला. तोंडाजवळ नेला, खाली ठेवला, परत नेला. डोळे मिटून एक घोट घेतला आणि गालावर हात तयार ठेवला. काहीच झालं नाही. मग तिने उभ्याउभ्या अख्खा तांब्या संपवला. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळत होतं. ती नुसती हसत होती.

आता शेवटचं सांगते. कार्तिक महिना होता, वारं चांगलं गार होतं. नाकावर चष्मा, गळ्यात दोरीला कात्री, अशी ठमाबाई बाजारात दोरा घ्यायला गेली होती. मिरच्यांच्या ढिगाच्या पलीकडे तेच मेणकापड होतं आणि त्यावर एक तरुण बाई बसलेली, वरच्या वाडीतली, अश्विनी नावाची. तिने पदर तोंडावर धरला होता. दातवाला कापसाचा बोळा वळत होता.

ठमाबाई दोरा घ्यायला निघालेली, ती तिथेच थांबली. मला कमरेवर सगळं कळत होतं. तो दांडगा माणूस, भोवती गर्दी, आणि ही आयुष्यात कुणाला उलटून बोललेली नाही. मला वाटलं, निघ बाई इथून, आपल्याला काय करायचंय? तुम्हाला सांगितलंच आहे, मी भित्री. पण तिने मला बाहेर काढलं आणि गर्दीत शिरून त्या बाईच्या पुढ्यात उघडलं.

"पोरी, ह्यो दात बग. ह्यानंच काडला व्हता माजा. किडा दावून काडला व्हता. डॉक्टरीणबाईनं चिरून दाकवला. कुटं हाय किडा?"

"ए बये, धंद्याच्या टायमाला काय लावलंय?" दातवाला ओरडला. "चल, हट!"

"हटते. आदी तुजा कापूस उलगडून दाव. दातावर ठिवायच्या आदी उलगडून दाव."

दातवाल्याने बोळा मुठीत दाबला. मूठ काही उघडेना. लोक त्या मुठीकडे बघू लागले.

अश्विनीने पदराआडून हळूच विचारलं, "मावशी, तुमचं बी असंच व्हत व्हतं? पानी लागलं की?"

"पानी लागलं की, वारं लागलं की. पाच वर्सं. मशेरी लावतीस ना गं?"

तिने मान हलवली.

"माजी एक दाढ गेली ती गेली. बाकीचे हे बग, समदे जाग्यावर हायेत." असं म्हणून ठमाबाईने भर बाजारात, त्या गार वाऱ्यात, तोंड उघडून दाखवलं. एका जागी फट होती. तिच्या दोन्ही बाजूंना दात धड उभे होते. अश्विनी त्या फटीकडे पाहत राहिली, मग माझ्यातल्या शकलांकडे. मग ती उठली, पायात चपला घातल्या, आणि मंचरच्या दवाखान्याचा पत्ता विचारत ठमाबाईबरोबर चालू लागली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल, कुणाच्या कमरेला, कुणाच्या उशाशी. तिला रिकामी करायला लावा. ती भिईल, तिच्याकडे लक्ष देऊ नका. आणि घरात कुणी बाई पाणी पिताना गालाला हात लावत असेल, चहा निवायची वाट बघत असेल, तर जवळ बसून तिला विचारा, काय होतंय म्हणून. विचारल्याशिवाय ती सांगणार नाही. मी पाच वर्षं तिच्या कमरेला होते, आणि त्या पाच वर्षांत तिला कुणीच विचारलं नव्हतं.